रबरी मासोळी

धुक्यात रंजिताला वैनगंगेचा काठ दिसेनासा झाला होता. मोठी मरळ धरायच्या नादात ती नदीतल्या वाळूच्या पट्ट्यावर गेली, तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. मग वरच्या धरणातून पाणी सुटलं आणि बघता बघता कमरेला लागलं. पायाखालची वाळू सरकू लागली. काठावरून बाबुलाल हाका मारत होता, पण बापाचा आवाज चारी बाजूंनी आल्यासारखा वाटत होता. एक पाऊल भलतीकडे पडलं की डोह.

तिने आवाजाच्या अंदाजाने गळ फेकला. गळाला रबरी मासोळी होती. "या खोट्या मासोळीले कोन भुलते वो, बाई?" म्हणून बाबुलाल सकाळीच हसला होता. गळ रिकामा परत आला. तिने पुन्हा फेकला. दोरा ताठ झाला.

"बाबा, सापडला काय?"

"सापडला. गुंडाळत गुंडाळत ये. ढिला नोको सोडू!"

काठ कुठे आहे, हे आता एवढा दोराच सांगत होता. रीळ फिरवत ती चालत राहिली. काठाचा चिखल पायाला लागला तेव्हा तिला रडूच फुटलं.

बाबुलालची मूठ मात्र मिटलेलीच होती. तिने ती उघडली. रबरी मासोळीच्या गळाचा काटा तळहातात आरपार रुतला होता.

"काहून नाही सांगतलं, बाबा?"

"सांगतलो असतो, त तुनं दोरा ढिला सोडला असता."