थांबलेल्या बाणाची चौकट

"पुसलंस त्यांचं सगळं?" आईनं दारातूनच विचारलं.

"शाळेला नव्या सूचना हव्यात गं," पडद्यावरची नजर न काढता नेत्रा म्हणाली. निवृत्त झाल्यावर तिच्या वडिलांनी, आबांनी, स्वतः शिकून शाळेतल्या मुलांसाठी गणिताची वेबसाइट बांधली होती. ज्या आकड्यावर माऊसचा बाण जाई, तिथं त्यांची छोटी चौकट उघडे: 'हातचा विसरलास ना, लबाडा?' आबा जाऊन आता वर्ष होत आलं होतं. नेत्रानं एकेका आकड्यावरून भराभर बाण फिरवून पाहिला. एकही चौकट उघडली नाही. आबांचा एक शब्दही उरला नव्हता.

"मला एकदा बघू दे," म्हणत आई आबांच्या खुर्चीत टेकली. तिनं माऊस धरला खरा, पण पुढं काय करायचं ते न कळून हात तसाच राहिला. बाण एका बेरजेपाशी थांबून होता.

आणि चौकट उघडली: 'अडलं का? सावकाश होऊ दे. मी इथंच बसलोय.'

नेत्रानं आपल्या लॅपटॉपवर कोड शोधला. ही चौकट कुठल्याच आकड्याला जोडलेली नव्हती. बाण बराच वेळ हलला नाही, तरच ती उघडत होती. आणि तपासताना नेत्रा क्षणभरही थांबली नव्हती.

"एवढी काढायची राहिली," ती पुटपुटली.

"राहू दे." आईनं माऊसवरचा हात जराही हलवला नाही. पडद्याकडं बघत तिनं हळूच विचारलं, "अहो, चहा टाकू का?"