दुपारचा आकडा

कमलाकररावांनी नळीच्या सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला, पण एकही बुडबुडा उठला नाही. सिलिंडर तर परवापासून बंदच होता. तरी मिरच्यांच्या खोलीतल्या मीटरवर कार्बन डायऑक्साइडचा आकडा रोज दुपारी तीनला चढायचा आणि चारनंतर उतरायचा.

"बंद खोलीत गॅस सोडून मिरच्या वाढवायच्या! कसला मेला हा नाद," वसुधाबाई कडाडल्या.

"म्हणून तर सांगतो, आत पाऊल टाकू नकोस. गॅस कोंडला तर माणूस जागच्या जागी आडवा होईल."

"माझं काय अडलंय तिथे!"

त्या दुपारी कमलाकररावांनी घोरण्याचं सोंग घेतलं. तीन वाजता वसुधाबाई हळूच उठल्या, मिरच्यांच्या खोलीत शिरल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. कमलाकरराव ताडकन उठले. सिलिंडर चालू असता तर? ते धावत दाराशी पोचले, तोच आतून आवाज आला.

"आजही हे बीपीची गोळी विसरले गं बायांनो. सांगायला गेलं की चिडतात. तुम्ही तरी भराभरा वाढा. तुम्हाला फूल आलं की दिवसभर खुशीत असतात बघा."

म्हणजे तो आकडा बायकोच्या श्वासांचा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी न सांगता गोळी घेतली, मिरच्यांजवळ गादीची खुर्ची ठेवली आणि सिलिंडर दुकानात परत नेला.

"का हो काका, गॅस नको झाला?"

"घरचाच पुरतो."