पाहणीचे प्रश्न

फुलाबाईनं वरवंटा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. समोर विजेच्या खांबाला बायकांनी बिल्डरचा गुंड आवळून बांधला होता. त्यानं आत्ताच तिच्या नवऱ्याचं डोकं पहारीनं फोडलं होतं. त्याला बांधायला हाताशी आली ती दोरीही पाहणीचीच. वस्ती पाडू नये म्हणून कोर्टात पुरावा द्यायचा होता, त्यासाठी बायका महिनाभर त्याच दोरीनं घरं मोजत, दारोदार प्रश्न विचारत फिरत होत्या.

"घाल डोक्यात! सोडू नको मुडद्याला!" बायका किंचाळल्या.

पण फुलाबाईच्या तोंडून सवयीनं पाहणीचाच पहिला प्रश्न निघाला. "घर कुठं तुझं?"

तो रक्त थुंकला. "नाल्यापलीकडं होतं."

"कुणी पाडलं?"

"मीच. शेटनं पहिलं काम तेच दिलं."

"घरात माणसं किती?"

"आई. बाहेर निघेना. शेट म्हणाला, घाल बुलडोझर. घातला मी."

बायका एक पाऊल मागं सरल्या. वरवंटा हवेतच राहिला. त्यानं मान वाकवून डोकं तिच्यापुढं केलं.

"थांबलीस का, मावशी? घाल."