पहिला घास

गहाणाची पावती काचेवर ठेवून अनिता म्हणाली, "टाक सोडवायला आले हाय. मुदत आजचीच हाय ना, दादा?"

सराफ सत्यजीतनं पावतीवरची तारीख पाहिली. मुदत आजचीच होती. टाक दुकानात नव्हताच. महिन्यापूर्वी त्यानं तो वितळवला होता. त्या चांदीचे वाळे कालच्या बारशात त्याच्या लेकीच्या पायांत गेले होते.

आधीच त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. बारशापासून त्या लेकीनं, प्रांजलनं, दुधाचा थेंब घेतला नव्हता. छातीशी धरलं की तोंड मिटायची, चमच्यानं पाजलं की ओठांतून बाहेर. डॉक्टरांना काही सापडेना. संध्याकाळपर्यंत प्यायली नाही तर सलाईन लावू, म्हणाले. ते मिटलेलं इवलं तोंड बघवेना म्हणून सत्यजीत भर दुपारी दुकान उघडून बसला होता.

ही केंदूरची बाई त्याला चांगली आठवत होती. तीन महिन्यांपूर्वी सोलापूरहून येताना गाडीत तिच्या नवऱ्याच्या, हौसरावांच्या, छातीत दुखायला लागलं. दौंडला उतरवून त्यांना दवाखान्यात घातलं. औषधाला पैसे कमी पडले, तेव्हा ती स्टेशनजवळच्या या दुकानात आली आणि तिनं गळ्यातला टाक काढून दिला. टाक म्हणजे बोटभर चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली एका बाईची आकृती. हौसरावांची पहिली बायको सरूबाई बाळंतपणात बाळासकट गेली होती. तिच्या नावानं दुसरीनं गळ्यात घालायचा तो सवतीचा टाक.

सत्यजीतनं तेव्हा नेहमीसारखं नाक मुरडलं होतं. पाठीला तांबं आहे म्हणून वजन कापलं, मळ आहे म्हणून कापलं आणि उरलेल्याचे निम्मे पैसे तिच्या हातावर टेकवले. धंद्याचं गणित सोपं होतं. माणूस परत आलं तर व्याज, नाही आलं तर निम्म्या दरात चांदी. दोन्ही हातांत लाडू. फक्त परत कोण येणार, ते ओळखता आलं पाहिजे. वडील सांगायचे, जो घासाघीस करतो तो विकायलाच आलेला असतो. जो मुकाट कमी घेतो, तो सोडवायला येतो. अनितानं तर देत होता त्यातलेही पाचशे परत सरकवले होते. तरीही चांदीचा वाढलेला भाव आणि घरातलं येऊ घातलेलं बाळ, एवढं पुरलं आणि त्याची मती फिरली.

"आणतो," म्हणून तो आत गेला. न सोडवलेल्या टाकांचा एक पत्र्याचा डबा होता. कुणाकुणाच्या मेलेल्या बायका त्यात एकीवर एक पडलेल्या. झिजून सगळ्यांचे चेहरे सारखेच झालेले. त्यातली एक उचलून, पुसून, त्यानं काचेवर ठेवली.

अनितानं ती तळहातावर घेतली आणि बराच वेळ पाहिली.

"लई वाळली गं बाई," ती टाकाला म्हणाली. "तीन महिनं पोटात काय न्हाई."

त्याचा जीव भांड्यात पडला. "पोटात?" त्यानं हसून विचारलं.

"आमच्यात हिला रोज पहिला घास लागतो. माझा गोकुळ झाला तवा दोन दिस दुधाला तोंड लावंना. मग सासूनं हिला माझ्या गळ्यात घातली, हिच्या तोंडाला घास लावला, आन् लेकरू लगेच प्यालं. तिचं लेकरू उपाशी गेलं ना. ती उपाशी आसली की ज्या घरात आसंल तितल्या तान्ह्याला पिऊ देत न्हाई." तिनं मान वर केली. "गडबडीत तुमाला सांगायचं ऱ्हायलं, त्याचा लई घोर लागला होता. तुमच्या घरी तान्हं कुणी न्हाई ना, दादा?"

सत्यजीतला कालचे वाळे आठवले. खरं सांगावं तर वितळवल्याचंही सांगावं लागणार होतं.

"नाही," तो म्हणाला.

"मग बरं झालं."

तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. पहाटे उठून तिनं पुरण शिजवलं होतं. बोटावर थोडं घेऊन तिनं ते काचेवरच्या टाकाच्या तोंडाला लावलं.

"घे, सरूबाई. जेव."

सत्यजीत खाली वाकून पाहत होता. तिनं बोट उचललं तेव्हा बोटाला पुरण नव्हतं. टाकालाही नव्हतं. काचेवर एक कणही पडलेला नव्हता.

"जेवली," अनिता समाधानानं म्हणाली. तिनं व्याजासकट पैसे मोजून दिले, टाक दोऱ्यात ओवून गळ्यात घातला आणि ती स्टँडच्या दिशेनं निघाली. तिला हाक मारून सगळं सांगून टाकावं, असं त्याला फार वाटलं. तो गल्ल्यावरून उठलासुद्धा.

तेवढ्यात फोन वाजला. घरून त्याची बायको शितल बोलत होती. ती रडत होती आणि हसतही होती.

"अहो, प्यायली. आत्ता, पोट भरून प्यायली."

सत्यजीत पुन्हा गल्ल्यावर बसला. त्याचे डोळे भरून आले. रस्त्यावर अनिता अजून दिसत होती. आता कशाला हाक मारायची, असं मनाशी म्हणून त्यानं मान फिरवली.

पलीकडे शितलचा आवाज एकदम खाली आला.

"पण मला एक सांगा, घरात मी एकटीच आहे, पुरण तर मी शिजवलंच नाही. मग हिच्या ओठांना पुरण कुणी लावलं?"