डाव्या पायाला सुट्टी

क्लचच्या जागी काहीच नव्हतं. जयदेव दारातून वाकून पुन्हा पुन्हा बघत होते. उजवीकडे अ‍ॅक्सिलरेटर, मधे चांगला रुंद ब्रेक, आणि डावीकडे नुसतं मॅटिंग.

"डाव्या पायाला सुट्टी, काका," हरेश म्हणाला. "पर्मनंट."

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये हरेशचं गॅरेज. इंजिन मागे, रेडिएटर नाही, सगळा कारभार वाऱ्यावर थंड होणार, अशा जुन्या गाड्या त्याच्याकडे यायच्या. काहींचा फक्त सांगाडा उरलेला असायचा. त्यावर फायबरची बॉडी चढवून तो जुन्या विलायती स्पोर्ट्स गाड्यांच्या नकला करायचा आणि लग्नाला भाड्याने द्यायचा. ही त्यातलीच, लाल, उघड्या टपाची. बॉनेटवर कुठल्याशा वरातीची चमकी अजून चिकटलेली होती.

जयदेवांची स्वतःची बीटल, तशीच मागे इंजिनवाली जुनी गाडी, अंबरनाथला बिल्डिंगखाली ताडपत्रीत होती. लकव्यातून त्यांचा हात सावरला, डावा पाय काही सावरला नाही. वांगणीचा एक फार्महाऊसवाला बीटल मागत होता. चालवायला नाही, लॉनवर ठेवून तिच्यात कुंड्या लावायला. त्याला रविवारपर्यंत थोपवलं होतं, पण 'कुंडी' हा शब्द तेव्हापासून घरात कुणी काढत नव्हतं.

हरेशने पर्याय दाखवले ते साडीच्या दुकानात दाखवतात तसे, भारीतला आधी. एक म्हणजे पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पण त्यासाठी गाडीचा तळ कापावा लागेल. जयदेवांनी तोंड फिरवलं. दुसरा, गिअरच्या दांड्यावर बटण, ते दाबलं की क्लच सुटणार. आणि तिसरा या लाल गाडीत होता तो. गिअर हातानेच बदलायचे, पण दांड्याला हात लागला की क्लच आपोआप सुटतो. पायाचं कामच नाही.

"चालवून बघा," हरेश म्हणाला. "मग बोलू."

मोकळ्या रस्त्यावर, कुणाला तरी सोबत घेऊन चालवायला डॉक्टरांची हरकत नव्हती. पालेगावच्या पुढे नव्या कॉम्प्लेक्ससाठी रस्ता झाला होता, कॉम्प्लेक्स अजून व्हायचं होतं. तिथपर्यंत हरेशने गाडी नेली आणि स्टिअरिंगची जागा जयदेवांना दिली. शेजारी त्यांच्या पत्नी यशोधराबाई बसल्या. हरेश मागे टपाच्या घडीवर बसला, वरातीत नवरदेव बसतो तिथे.

जयदेवांनी गुडघ्यावर पँट धरून डावा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि सामानासारखा आत ठेवला. यशोधराबाईंनी नेहमीसारखं दुसरीकडे बघितलं. फिजिओथेरपीवाली किर्ती रोज सकाळी येऊन 'काका, पाय उचला' म्हणायची. काका मनापासून प्रयत्न करायचे, कपाळावर घाम यायचा. पाय मात्र पाहुण्यासारखा बसून राहायचा.

गाडी निघाली. इंजिन मागून फटफटायला लागलं तसा जयदेवांचा चेहरा सैल झाला. यशोधराबाईंना तो आवाज कधीच आवडला नव्हता. शेजारणी त्यांच्या बीटलला पिठाची गिरणी म्हणत, आणि त्यांना ते पटायचं. पण आज ओढणीचं टोक दातात धरून त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. फॅक्टरीतून सुटून संध्याकाळी घरी येताना हा माणूस असाच दिसायचा.

गाडीने थोडा वेग घेतला. जयदेवांनी अ‍ॅक्सिलरेटर सोडला, हात गिअरच्या दांड्यावर टाकला.

आणि गाडी खाडकन थांबली.

यशोधराबाईंचे हात डॅशबोर्डवर आपटले. नवरदेवाच्या जागेवरून हरेश घसरला तो दोन सीटच्या मधे, तोंड गिअरपाशी.

"सॉरी, सॉरी," जयदेव पुटपुटले. मान वर करायला तयार नव्हते. "क्लच दाबायला गेलो हो. हात गिअरला गेला की... सवय. नाही जमायचं मला. कळवून टाकू वांगणीला."

"अरे काका, टेन्शन नही," हरेश स्वतःला सोडवत म्हणाला. सगळ्यांचंच असं होतं. क्लच समजून ब्रेकवरच नाचतात. एका डॉक्टरसाहेबांनी तर त्याचा चष्मा फोडला होता. "उसका इलाज है. डावीकडे आडवा पत्रा मारून देतो. पाय ब्रेकपर्यंत पोचणारच नाही."

यशोधराबाईंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्या खाली बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "ब्रेकवर कुठला पाय आहे?"

जयदेवांनी खाली बघितलं. उजवा पाय जागच्या जागी होता. रुंद ब्रेकवर डावा बूट होता, सकाळी यशोधराबाईंनीच पट्टी ओढून घातलेला. ब्रेक पार खाली दाबलेला होता.

"मी नाही उचलला," जयदेव म्हणाले.

"मग काय मी उचलला?"

हरेश एकदा काकांकडे, एकदा काकूंकडे बघत होता. मग त्याला वाटलं, आपल्यालाच काहीतरी बोललं पाहिजे. "तर मग पत्रा..."

"पत्राबित्रा काही नको," यशोधराबाई म्हणाल्या. त्यांनी ओढणी नीट खोचली, समोरचा रस्ता शेवटपर्यंत रिकामा आहे ना ते बघितलं आणि दोन्ही हात डॅशबोर्डला टेकवून बसल्या.

"हं. आता परत एकदा चुका बघू."

जयदेवांनी गाडी सुरू केली. मागे हरेशने या वेळी दोन्ही सीट घट्ट धरल्या.