जामीनदार

सकाळी साडेआठला शुभदा खरमाटेनं उपग्रह केंद्राच्या दारावर नेहमीसारखा तळहात टेकवला आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच दार लाल झालं.

"प्रवेश रद्द," दार गोड आवाजात म्हणालं. "आपल्यावर थकीत कर्ज आहे. कर्जबाजारी माणूस शत्रूला विकला जाऊ शकतो."

"माझ्यावर दमडीचं कर्ज नाही!"

"नंदू दुर्गुडे यांना आपण जामीन आहात. सात हप्ते चुकले की कर्ज थकीत ठरतं आणि जामीनदाराकडे जातं; त्यांचा सातवा काल चुकला. आजपासून ते कर्ज आपल्या नावावर आहे."

नंदू तिच्याच विभागातला. मुलीच्या ऑपरेशनसाठी कर्ज काढतोय म्हणाला, तेव्हा ऑफिसात सगळेच एकमेकांना देतात तशी तिनं चहाचा कप खाली न ठेवता सही दिली होती. पुढे त्याच पैशांची गाडी आली, तेव्हा त्या गाडीचा पेढाही तिनं खाल्ला होता.

तेवढ्यात मागून नंदूच आला. त्यानं मान खाली घालून तळहात टेकवला. दार हिरवं झालं.

"कर्जमुक्तीबद्दल अभिनंदन," दार त्याला म्हणालं.

"ताई, पुढच्या महिन्यात नक्की भागवतो," असं पुटपुटत तो आत सटकला.

"अरे, विकला जाणारा माणूस तो आहे!" शुभदा दारावर ओरडली.

"नियमात तसं नाही."

नियम तिनंच लिहिला होता. तीन वर्षांपूर्वी दाराला तो शिकवताना शेजारी बसलेल्या नंदूनं विचारलं होतं, "ताई, जामीनदारांचं काय करायचं?"

"त्यांनाही धर," ती म्हणाली होती. "सही करताना अक्कल नको?"