रिकामा डबा

लंडन, फेब्रुवारी २००९. गाझासाठी आम्ही विद्यापीठाचं सभागृह अडवून बसलो होतो. तो बारावा दिवस. खाणंपिणं खिडकीतून दोरीनं वर ओढून घ्यायचो. खिडकीखाली इस्रायलचा झेंडा घेऊन माझीच फ्लॅटमेट अबिगेल उभी असायची. आमचं बोलणं बंद. त्या दुपारी तिची अलिबागची ज्यू आजी डबा घेऊन आली आणि थेट मराठीत ओरडली, “कस्तुरी, दोरी सोड गं! एलियाहू हन्नाबीच्या नवसाचा मलिदा आहे, सगळ्यांना वाटायचा असतो.” पोहे, गूळ, ओलं खोबरं, दहा मिनिटांत डबा चाटूनपुसून साफ. खाली सोडताना मी थबकले. आलेला डबा रिकामा कसा पाठवायचा? आमच्याकडे तर फलकांशिवाय काहीच नव्हतं. पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसच्या लैलानं बॅगेतून आईच्या हातची खजुराची बिस्किटं काढून त्यात भरली. झाकण उघडून अबिगेलनं बारा दिवसांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं, “कस्तुरी, सो अनफेअर! आता आम्ही डबा रिकामा कसा पाठवायचा?”